संक्रांतीच्या वाणाचा मल्टीप्लग

पुरानी बस्ती, रायपूर
अधिक ज्येष्ठ, ऐन नौतपा

तीर्थरूप सौ. वहिनींना वनमालाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्ध्यापर्यंतच वाकते. उरलेला नागपूरला आले की करीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाची शुगर आटोक्यात आहे, का अजून चहात साखर नको म्हणतो आणि मग बशीत गुलाबजाम घेतो? घोरण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली ती मास्कवाली मशीन नेमानं लावतो ना? मशीनचं मी मुद्दाम विचारते आहे, काहून ते पुढे येईल. आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल फक्त हे आहेत. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ह्यांना खुशाल राहण्याशिवाय दुसरं काम नाही. मी मात्र संतापले आहे, आणि संताप कोणावर काढावा ते कळत नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, काल सकाळीच तर फोन झाला. झाला. तो हेच सांगायला केला होता. पण तुम्ही सवयीप्रमाणे स्पीकर लावला, मागून दादा खाकरला, आणि माझी जीभ काही उचलली नाही. मग यंदा लोणच्याला कैरी कोणती घेतली ते विचारून ठेवून दिला. (कैरीशी मला काही देणंघेणं नव्हतं. आमचं लोणचं केव्हाच घालून झालं.) आज दुपारच्या गाडीनं शेजारच्या चेतनाचा भाऊ पुष्कर नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तो भला पोरगा आहे, उघडून वाचणार नाही. वाचलं तरी त्याला अर्धंच कळेल, कारण तो मराठी समजतो, पण वाचताना कंटाळतो.

तर ऐका. तुमच्या लाडक्या भाचीनं, देवश्रीनं, मला माझ्याच घरात, ह्यांच्यासमोर म्हटलं, "मम्मी, तुमने आधे रायपुर में आग बाँट दी है." (तुम्हाला माहीतच आहे, मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते. भांडणाच्या वेळी तर तिच्या तोंडून मराठीचा शब्द निघेल तर शपथ.) आग म्हणजे काय, तर माझं संक्रांतीचं वाण. जे मी हळदीकुंकवाचं बोट लावून, तिळगूळ देऊन, पाया पडून दिलं, ते आग. आणि त्यावर हे काय म्हणाले? हे म्हणाले, "बघ बावा, मी तेव्हाच म्हणत होतो." वहिनी, हे तेव्हा काहीच म्हणत नव्हते. हे तेव्हा तिळगुळाच्या डब्यापाशी होते.

त्या हळदीकुंकवाला तुम्ही स्वतः होतात, आठवा. मंडळातल्या बायका दरवर्षी तेच ते लुटतात, वाटी नाहीतर चमचा नाहीतर चाळणी. माझ्याकडे वाट्या इतक्या झाल्या आहेत की पाहुणे आले तर एका माणसाला तीन देते. म्हटलं यंदा बाईच्या खऱ्या कामाचं काही द्यावं. कोणाच्याही घरी जा, भिंतीत प्लग कमी आणि लावायच्या वस्तू जास्त. मिक्सर लावायचा तर फ्रीज काढा, इस्त्री लावायची तर टीव्ही काढा, आणि टीव्ही काढला की नवऱ्याचा चेहरा बघा. म्हणून मी इथल्या पंडरी बाजारात जाऊन, कपड्यांच्या होलसेल गल्लीच्या मागून, मल्टीप्लग आणले. भिंतीत एक खोचला की एकाचे तीन प्लग होतात, ते. बायका खूश. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष कांताबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वनमालानं यंदा डोकं लावलं." त्या साऱ्या ढिगात बटनवाला, लाल दिव्याचा, असा एकच होता. तो मी कोणाला दिला? तुम्हाला. म्हटलं दादाच्या उशाशी मशीन आणि कूलर दोन्ही लावायची पंचाईत होते, वहिनींची सोय होईल. तुम्ही तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणालात, "छान आहे. पण वाटीच दिली असती तरी चाललं असतं." मी तेव्हा काही बोलले नाही, घरी पाहुण्या होतात. पण ते वाक्य मी विसरलेले नाही, एवढं लिहून ठेवते.

आता देवश्रीच्या कंप्यूटरचं. ती काय काम करते ते दादाला मागच्या वेळी समजलं नव्हतं, तर त्याला सांगा, घर बांधायच्या आधीच ते आतून कसं दिसेल त्याची चित्रं करते. अजून वीट लागलेली नसते आणि हिच्या चित्रात सोफ्यावर मांजर झोपून असते. त्यासाठी भलता दांडगा कंप्यूटर लागतो म्हणे, आणि तो आयता न घेता तिनं घरीच जोडायचं ठरवलं. डायनिंग टेबल तिच्या ताब्यात गेलं आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. मी म्हटलं, पोट्टी एवढं करून राहिली, आपण मदत करावी. ह्यांच्या जुन्या कंप्यूटरच्या साऱ्या वायरी, जोड, एकाच्या दोन होणाऱ्या दोऱ्या मी फरसाणाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. (मी काही फेकत नाही. आईनं तसं शिकवलंच नाही.) तो डबा मी तिच्यापुढे उघडला. तिनं त्यातला एक काळा जोड उचलला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि कचऱ्यात टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. मी विचारलं, काहून? म्हणाली, हे साच्यात ओतून केलेले जोड आतल्या आत वितळतात. मी म्हटलं, बरोबर बसतो तरी आहे ना. तर म्हणाली, बसतं म्हणून लावायचं नसतं, दुसऱ्या डब्याची वायर नेमकी बसते आणि सगळं जाळून टाकते.

डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला त्याच्या मापानं वाढतो तो. मग तिनं मला शिकवायला घेतलं, जशी काही मी तिला अंकलिपी शिकवलीच नव्हती. म्हणाली, मम्मी, पंगत समझो. आतले छोटे पंखे आणि शोभेचे दिवे ही लेकरं, एका ताटात दोघं जेवली तरी चालतं, तिथे एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर लावायला हरकत नाही. पण ग्राफिक कार्ड म्हणजे दामाद. त्याच्या दोन वायरी असतील तर त्या दोन्ही थेट डब्यापासून, वेगवेगळ्या यायला पाहिजेत. दुकानदारानं एकीच्याच दोन करून दिल्या होत्या, त्या तिनं त्याच्या तोंडावर परत केल्या. वाटणी केल्यानं वीज वाढत नाही, म्हणाली, एका वायरीनं जेवढं वाहून न्यायचं तेवढंच ती नेते, वर मागितलं तर तापते. मला हे सगळं समजलं, वहिनी. पण समजलं असं मी दाखवलं नाही, कारण जावई म्हणजे काय हे तिनं मला शिकवावं आणि स्वतः लग्नाचं नाव काढू नये, हे मला पटलं नाही.

कंप्यूटर सुरू झाला. चांगला चालला. तो तिनं खोलीतल्या मोठ्या प्लगला थेट लावला होता आणि बजावून ठेवलं होतं, इथे दुसरं काही लावायचं नाही. आता मला सांगा, नौतपाचं नऊ दिवसांचं ऊन सुरू, बाहेर गाईसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि माझी पोट्टी कूलरशिवाय घामानं निथळत त्या पडद्यासमोर बसली आहे. कोणत्या आईला बघवेल? कूलरची वायर दुसऱ्या प्लगापर्यंत पोचत नव्हती. तिच्याच खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर एक मल्टीप्लग दिसला, वाणातला उरला असेल. ती जेवायला उठली तेव्हा मी कंप्यूटर, काही बिघडू नये म्हणून, सांभाळून बंद केला (बटन दाबून धरलं की होतो), मल्टीप्लग खोचला, त्यात कंप्यूटर लावला, कूलर लावला. लाल दिवा लागला, छान दिसला. तिसरं भोक रिकामं होतं, आणि कूलरची हवा लागत होती, तर ह्यांचे सदरे तिथेच इस्त्री करून घ्यावे म्हणून इस्त्रीही लावली. ती आली, कंप्यूटर बंद का म्हणून ओरडली, चालू करून मोठं चित्र बनवायला लावलं आणि हात धुवायला गेली. मी चौथ्या सदऱ्यावर असताना वास आला. मला वाटलं चेतनाकडे दूध उतू गेलं. हे म्हणाले, नाही, कोणी टायर जाळतो आहे. देवश्री धावत आली आणि तिनं आमच्या दोघांच्या मधून हात घालून भिंतीवरचं बटन बंद केलं.

मल्टीप्लग तोंडाकडून तपकिरी झाला होता आणि भिंतीला चिकटला होता. सांडशीनं ओढून काढावा लागला. कंप्यूटरला काही झालं नाही, पण त्याच्या मागे भिंतीचा कोपरा काळा झाला आहे, आणि तिथेच तिच्या खोलीचा पडदा होता. मी तो पडदा पाहिला आणि खाली बसले. मला तेव्हा राग आला नव्हता, वहिनी. मला भीती वाटली.

राग नंतर आला. देवश्रीनं स्क्रू काढून तो मल्टीप्लग उघडला आणि माझ्यासमोर मांडला. आत दोन पातळ पट्ट्या, पत्र्याचा डबा कापून काढल्यासारख्या, आणि अर्थिंगचं भोक नुसतंच भोक, त्याला पुढे काहीच जोडलेलं नाही. देवघरासमोर ठेवतो त्या लाकडी फळासारखं, दिसायला आहे, खायला नाही. फोनचे चार्जर लावले तर हा कदाचित जन्मभर चालेल, म्हणाली, पण इस्त्री, फ्रीज, मोटर ह्याच्यावर कधीच लावायची नाही. मग तिनं एकदम विचारलं, "मम्मी, संक्रांत में ये किस-किस को दिया?"

आता तुम्ही बाई आहात, तुम्हाला कळेल. दिलेलं वाण परत मागायचं कसं? उसनी साखर परत मागता येते, वाण नाही. सवाष्णीला कुंकू लावून दिलेलं हिसकून घेतलं असं होतं ते. देवश्रीला हे कळत नाही, ती म्हणे सगळ्यांना मोबाईलवर मेसेज टाक. मी काय टाकू? तुम्हाला दिलेलं सौभाग्याचं वाण पेटतं, कृपया परत करा? मंडळात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण दुसरीकडे, तो काळा कोपरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पहिल्यांदा चेतनाकडे गेले, शेजारच्या शेजारी. मी घुटमळत विषय काढला तर ती मला आत घेऊन गेली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "दीदी, घर में सब ठीक है ना?" तिला वाटलं ह्यांची पेन्शन थांबली आणि मी आता दिलेल्या वस्तू गोळा करून राहिली. मी परत आले, आणि तिचा प्लग तिच्या फ्रीजमागेच राहिला.

मग म्हटलं, आता सरळ कांताबाई. बीरगांवला त्यांच्या घरी गेले. त्यांनी माझा मल्टीप्लग पाण्याच्या मोटरीला आणि फ्रीजला, दोन्हीला मिळून लावला होता, आणि मोठ्या कौतुकानं दाखवला. मी हात लावला तर तव्यावरच्या भाकरीला लावल्यासारखा चटका बसला. मी म्हटलं, कांताबाई, हा मला द्या. त्या म्हणाल्या, "अवो, देल्लं वाण वापस मागून राहिली का तू? मले आजवर कोणी असं नाई केलं." त्यांचा चेहरा इतका पडला की खरं सांगायचं धैर्य झालं नाही. आणि त्यांनी तर सगळ्यांसमोर माझं डोकं वाखाणलं होतं. मग माझ्या तोंडून आपोआपच निघालं, की कांताबाई, हा अधिक महिना आहे, आणि आमच्या माहेरी रीत आहे, ज्या वर्षी अधिक येतो त्या वर्षी संक्रांतीचं वाण फिरवून घ्यायचं आणि बदली दुसरं द्यायचं, नाहीतर देणारीला अर्धंच पुण्य लागतं आणि घेणारीला अर्धंच सौभाग्य. अर्धं सौभाग्य म्हटल्याबरोबर त्यांनी मोटर बंद केली आणि प्लग काढून माझ्या हातात ठेवला. भिंतीतल्या भोकाभोवती काळं वर्तुळ होतं. ते मी त्यांना दाखवलं नाही, पण मोटरीसाठी वेगळा पॉइंट काढून घ्यायला मिस्त्रीला सांगा, एवढं सांगितलं.

त्यानंतर काय विचारता. संध्याकाळपर्यंत ही रीत पुरानी बस्तीपासून बीरगांवपर्यंत पोचली, आणि बायका स्वतःहून दाराशी येऊ लागल्या. चेतना पहिली. जिला मी वाण दिलंच नव्हतं तीही एक मल्टीप्लग घेऊन आली, कारण माझं वाण कोणीतरी चैत्रागौरीला तिला खपवलं होतं. (कोणी, ते मला कळलं आहे.) मंडळातल्या भावनाकडे तर लोक तिनं मागच्या वर्षी लुटलेल्या चाळण्या परत घेऊन जात आहेत आणि ती माझ्या नावानं बोटं मोडते आहे. देवश्री दाराशी खुर्ची टाकून बसली. येईल तिला सांगायची, फ्रीज, मोटर, इस्त्री सीधे दीवार में, आणि बायका मान डोलवून "हव, हव" म्हणायच्या आणि मग विचारायच्या, हिचं कुठे जमलं का. बदली काय दिलं ते विचारू नका. विचारालच, म्हणून सांगते. स्टीलची वाटी दिली. घरातल्याच काढल्या, न वापरलेल्या पुष्कळ होत्या. एकेक देताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

तर हे असं आहे. आता मी संतापले ते कोणावर, तुम्हीच ठरवा. पोट्टीनं आईला असं बोलावं का? दुकानदारानं आत पत्रा भरून विकावं का? आणि ह्यांनी त्या दिवसापासून मला प्रत्येक प्लगाजवळ "सांभाळून" म्हणावं का? दादाला नमस्कार, त्याला गुलाबजाम देऊ नका.

तुमची नणंद,
वनमाला

ता. क. कांताबाईंचा तुम्हाला फोन येईल. ही रीत नागपूरला माझ्या वहिनी पाळतात असं मी सांगून बसले आहे, कारण नागपूरची म्हटली की इथे कोणी उलट विचारत नाही. त्यांनी विचारलं तर नुसतं "हो" म्हणा. दुसरं काही बोलू नका, वाटीचं तर मुळीच नाही.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र ह्याच्यासाठीच आहे. साऱ्या बायकांकडून परत आले, एक तुमचाच राहिला. दादाच्या उशाशी जो लाल दिव्याचा लावला आहे तो हे वाचत असाल तिथून उठून काढा. मशीन थेट भिंतीत लावा, कूलर दुसरीकडे. दादा तोंडाला मास्क लावून झोपतो, त्याला वाससुद्धा येणार नाही. तो मीच तुमच्या हातात दिला आणि मीच म्हटलं की दादाच्या उशाशी लावा, हे आठवलं की कालपासून माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही. वाटीबद्दल तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. हे एकदाच लिहिते.

शेवटचा ता. क. पुष्कर दाराशी उभा आहे, घाईत लिहिते. देवश्रीला माझ्यावर भरवसा नाही, तिनं आत्ता मला न विचारता मामाला फोन लावला. दादा म्हणाला, "अगं, तो तर आम्ही आणलाच नाही. निघताना तुझ्या मामीनं तुझ्याच खोलीतल्या कपाटात वर ठेवून दिला." मी तो जळका पुन्हा काढून पाहिला. बटन आहे. लाल दिवाही आहे, अर्धा वितळलेला. म्हणजे दादा सुखरूप आहे. देवासमोर साखर ठेवली आणि मग रडले, ते वेगळं. म्हणजे माझं वाण तुम्ही माझ्याच कपाटात ठेवून गेलात, आणि ह्या साऱ्या खटाटोपात जळाला तो तुमचा. तर वरचा मधला ता. क. खोडला असं समजा, त्यातलं शेवटचं वाक्य तर आधी खोडा. पहिला ता. क. कायम आहे, आता तर तुम्हाला "हो" म्हणावंच लागेल. पुष्करच्या हाती एक वाटी पाठवते आहे, हळदीकुंकवाचं बोट लावून. त्याला बजावलं आहे, वहिनींनी तिच्यात काहीतरी वाढून दिलं आणि तू ते त्यांच्यासमोर खाल्लं की मगच उठायचं.